वैद्यकीय विद्यार्थी आणि टाळेबंदी: आकड्यांत न मावलेली दोन वर्षे

२०२० च्या उन्हाळ्यात भारतातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांच्या खालोखाल काही वाचले असेल, तर ते गूगल फॉर्म. झोप लागते का, चिडचिड होते का, पुढचे काही सुचते का, अशा प्रश्नांच्या लिंक वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडत. प्रत्यक्ष भेटून करायचे संशोधन थांबले होते. प्रबंधांच्या मुदती आणि बढतीसाठी लागणारे शोधनिबंध मात्र थांबले नव्हते. दोन-तीनशे उत्तरे जमली की टक्केवारी निघे आणि ‘टाळेबंदीत इतके टक्के विद्यार्थी नैराश्यात’ असा मथळा तयार होई. हा ढीग आज उपसला तर हाती काय लागते, हे पाहण्यासाठी हा आढावा.

माझे मत आधीच सांगतो. विद्यार्थ्यांच्या मनावरचा ताण महामारीने जन्माला घातला नाही, तो आधीपासून होता. महामारीने तो वेगवेगळ्या विद्यार्थ्यांवर अगदी वेगवेगळ्या तऱ्हेने वाढवला, आणि या वेगवेगळ्या तऱ्हा एकाच सरासरीत मिसळल्यामुळे बहुतेक सर्वेक्षणांनी मुख्य गोष्ट गमावली. विषाणूच्या भीतीइतकेच, काही जणांच्या बाबतीत त्याहून जास्त, अनिश्चिततेने पोखरले. परीक्षा कधी, घरी कधी जाता येणार, नवी बॅच कधी येणार, यांपैकी एकाही प्रश्नाला कोणाकडे उत्तर नव्हते.

हे सगळे छत्रपती संभाजीनगरातून, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेतून पाहणे सोयीचे आहे. १९५६ साली सुरू झालेले इथले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय साऱ्या मराठवाड्याला ‘घाटी’ या नावाने माहीत आहे. जालना, बीड, परभणी, हिंगोलीचा आणि पलीकडे बुलढाण्याचाही रुग्ण तालुक्याला भागले नाही, जिल्ह्याला भागले नाही की शेवटी घाटीत येतो. शहरात एमजीएमसारखे मोठे खासगी महाविद्यालय आहे, शासकीय दंत महाविद्यालय आहे. म्हणजे एकाच शहरात सरकारी फी भरणारा शेतकऱ्याचा मुलगा आणि लाखांत फी भरणाऱ्या घरातली मुलगी हे दोघेही भावी डॉक्टर म्हणून राहतात. टाळेबंदी दोघांच्याही वाट्याला आली, पण सारखी आली नाही.

शहरात पहिला रुग्ण १५ मार्च २०२० रोजी सापडला. राज्यातल्या शाळा-महाविद्यालयांचे वर्ग त्याच सुमारास बंद झाले, २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, दुसऱ्या दिवशी राज्यात संचारबंदी लागली आणि २५ पासून देशभर टाळेबंदी. पदवीच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहे सोडून घरी जायला सांगण्यात आले. एसटी बंद होण्याआधी ज्याला जे वाहन मिळाले ते धरून मुले गावी पोहोचली, बहुतेक जण पंधरा दिवसांची सुट्टी समजून. पुस्तके, हाडांचा संच, ॲप्रन, सगळे खोलीतच राहिले. इंटर्न आणि निवासी डॉक्टर मात्र कुठेच गेले नाहीत. कागदावर तेही विद्यार्थीच होते.

इथेच ‘वैद्यकीय विद्यार्थी’ या एका शब्दाखालची माणसे वेगळी झाली. पहिल्या ते तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी घरी बसला. इंटर्न अधांतरी लोंबकळला. निवासी डॉक्टर, म्हणजे एमडी-एमएस करणारा पदव्युत्तर विद्यार्थी, वॉर्डात अडकला.

घरी बसलेल्याचे दुःख बाहेरच्यांना फारसे पटत नसे. ‘आईच्या हातचे खातोस, झोपतोस, आणखी काय हवे?’ हा प्रश्न अनेकांनी ऐकला असेल, आणि तो अगदीच चुकीचाही नव्हता. वसतिगृहाच्या मेसपेक्षा घरचे जेवण बरे होते आणि काहींची झोप कित्येक वर्षांनंतर पहिल्यांदाच पुरी होत होती. कझाकस्तानातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांवरच्या एका अभ्यासात ऑनलाइन शिक्षण सुरू झाल्यानंतर थकवा, नैराश्य आणि चिंता कमी झाल्याचे दिसले, अभ्यासातल्या आपल्या प्रगतीबद्दलचे समाधान मात्र घटले. हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. एखाद्या ठिकाणाहून माणूस दूर गेला आणि त्याला बरे वाटू लागले, तर विचारायचा प्रश्न त्या ठिकाणाविषयीचा असतो.

पण बरे वाटण्याला मर्यादा होती. २०१९ मध्ये प्रवेश घेतलेली बॅच ही नव्या, क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाची देशातली पहिली बॅच. महिनाभराचा फाउंडेशन कोर्स, संवादकौशल्य आणि नीतिमूल्यांचे वेगळे तास, लहान गटांत शिकणे, असे बरेच काही या अभ्यासक्रमात होते. शिक्षकांनाही तो नवा होता. जेमतेम सात-आठ महिने झाले आणि शरीरशास्त्राचे विच्छेदन मोबाइलच्या पडद्यावर आले. मृतदेहावर हात न ठेवता शरीर शिकायचे, हे शिकवणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला दोघांनाही पटत नव्हते. पैठण किंवा कन्नड तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर रेंज गच्चीवर मिळते, तीही वीज असेल तर. घरात एकच स्मार्टफोन आणि धाकट्या भावंडांचीही ऑनलाइन शाळा. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट व्हायची. मुलगी घरी आली म्हणजे ती स्वयंपाकघरात सापडते, मग ती दुसऱ्या वर्षाची एमबीबीएस असो की बारावीची. वसतिगृहातल्या एका कॉटएवढी जागा तरी स्वतःची असते. दोन खोल्यांच्या घरात तेवढीही नसते.

त्यात गावातली ओळख ‘डॉक्टर’ अशी. पहिल्या वर्षाच्या मुलाला शेजारी विचारणार, ताप आहे, काय घेऊ? त्याला औषधशास्त्र अजून शिकवलेलेच नसते. जग जळत असताना आपण डॉक्टर होणार म्हणून मिरवायचे आणि प्रत्यक्षात कशाच्याही उपयोगाचे नसायचे, ही बोच घरी बसलेल्या अनेकांना होती. भारतीय वैद्यक परिषदेने ऑगस्ट २०२० मध्ये महामारी व्यवस्थापनाचा खास पाठ अभ्यासक्रमात घातला. चांगली गोष्ट. पण तोही बहुतेकांनी पडद्यावरच शिकला.

२०२० च्या बॅचची कथा तर आणखी वेगळी. नीट ही प्रवेशपरीक्षा लांबून १३ सप्टेंबर २०२० ला झाली आणि वर्ग फेब्रुवारी २०२१ मध्ये सुरू झाले. ११ मार्चपासून औरंगाबादेत पुन्हा अंशतः टाळेबंदी लागली आणि एप्रिलमध्ये राज्यात दुसऱ्या लाटेने जोर धरला. म्हणजे ज्या मुलांनी दोन-दोन वर्षे कोटा, लातूर, नांदेडच्या क्लासमध्ये काढली, त्यांच्या वाट्याला महाविद्यालय आले ते दोन महिन्यांचे. वर्गमित्रांचे चेहरे मास्कखाली असताना मैत्री करायची होती. मानसिक आरोग्याच्या प्रश्नावल्यांत मित्र मिळाले का, असा प्रश्न सहसा नसतो.

आता इंटर्न. साडेचार वर्षे शिकून झाल्यावरचे हे एक वर्ष, मासिक विद्यावेतन त्या काळी ११,००० रुपये. मुंबई महापालिकेने आपल्या इंटर्नना करोनाकाळापुरते ५०,००० देण्याचे ठरवले तेव्हा इतर ठिकाणच्या इंटर्ननी साहजिकच विचारले, आमचा विषाणू वेगळा आहे का? पैशांइतकीच दुसरी तक्रार शिकण्याची होती. शस्त्रक्रिया, बालरोग, प्रसूती अशा विभागांतून फिरून हात बसवायचे हे वर्ष स्वॅब घेण्यात, तापमान मोजण्यात आणि फोनवर रुग्णांची चौकशी करण्यात गेले. याच काळात पुढच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यासही करायचा होता, आणि ती परीक्षा कधी होणार हे कोणालाच माहीत नव्हते.

या परीक्षेची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण मानसिक आरोग्याच्या निबंधांत ती ‘शैक्षणिक अनिश्चितता’ या दोन शब्दांत आटोपते. नीट पीजी जानेवारी २०२१ मध्ये व्हायची, ती १८ एप्रिलवर गेली. तीन दिवस उरले असताना, १५ एप्रिलला, ती पुढे ढकलली. ३ मे रोजी केंद्राने जाहीर केले की ती किमान चार महिने होणार नाही, आणि त्याच निर्णयात इंटर्नना व अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना वरिष्ठांच्या देखरेखीखाली करोनाच्या कामावर घेण्याची मुभा दिली. शंभर दिवस काम करणाऱ्यांना सन्मानपत्र आणि सरकारी भरतीत प्राधान्य मिळणार होते. परीक्षा अखेर ११ सप्टेंबरला झाली. मग आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाचा, आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि प्रवेशफेऱ्या थांबल्या. डिसेंबरमध्ये दिल्लीत निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले. ७ जानेवारी २०२२ ला न्यायालयाने वाट मोकळी केली, तेव्हा कुठे फेऱ्या सुरू झाल्या.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या वेळापत्रकाचेही असेच झाले. उन्हाळी सत्राच्या परीक्षा पावसाळ्यात झाल्या आणि हिवाळी २०२० च्या बऱ्याच परीक्षा एप्रिलमधून निघून जून २०२१ मध्ये. विद्यापीठाला दोष देणे सोपे आहे. दुसऱ्या लाटेत एप्रिलमध्ये परीक्षा घेतली असती तरी दोष आलाच असता. पण अभ्यासाला शिखर असते. परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे माणूस जसा जगतो, तसा सहा महिने जगू शकत नाही. तारीख जवळ आली की तयारी शिगेला न्यायची, ती पुढे गेली की खाली यायचे, पुन्हा चढायचे. घरी असो वा वॉर्डात, या चढउताराने सगळ्यांनाच दमवले.

आणि या लांबणीचा खरा भार पडला तो निवासी डॉक्टरांवर. पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे म्हणजे तीन बॅचेस, आणि सरकारी रुग्णालयाचा गाडा या तिघींवर चालतो. नवी बॅच सहा-आठ महिने आलीच नाही, तर तिघांचे काम दोघांना करावे लागते. पहिल्या वर्षाचा कनिष्ठ निवासी दुसऱ्या वर्षात जाऊनही कनिष्ठाचीच कामे करत राहतो, कारण त्याच्या खाली कोणी नसते. घाटीसारख्या रुग्णालयात, जिथे एरवीही खाटेपेक्षा रुग्ण जास्त, तिथे याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

औरंगाबादच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. संसर्गाच्या भीतीने वातानुकूलन बंद, अंगात पीपीई किट, पाणी प्यायचे नाही कारण स्वच्छतागृहात जाता येत नाही, मासिक पाळी असेल तर ते आणखीच अवघड. असे सहा-सहा तास. सुरुवातीला ड्यूटीनंतर विलगीकरणाचे दिवस मिळत. मे २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जास्त जोखमीचा संपर्क नसेल तर विलगीकरणाची गरज नाही असे सांगितले, आणि ते प्रकरणही सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. घरमालकांनी खोल्या रिकाम्या करायला लावल्याच्या, नातेवाइकांनी मारहाण केल्याच्या बातम्या देशभरातून येत होत्या. २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यासाठी तीन महिने ते पाच वर्षे, गंभीर इजेसाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा ठरवली. जनता कर्फ्यूला थाळ्या वाजवून जेमतेम महिना झाला होता.

पण निवासी डॉक्टरांच्या बोलण्यात पीपीई किटपेक्षा आणखी एक गोष्ट येते: मृत्यूची बातमी फोनवर सांगणे. एरवी ते काम वरिष्ठाच्या उपस्थितीत, नातेवाइकासमोर, खांद्यावर हात ठेवून होते. करोना वॉर्डात नातेवाईक आत येऊ शकत नव्हते. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मुलामुलींनी एका रात्रीत असे अनेक फोन केले, समोरचा चेहरा न दिसता, आणि मग पुढच्या खाटेकडे वळले. संवादकौशल्याचा जो नवा पाठ २०१९ च्या बॅचला मिळू लागला, तो या पिढीला कधीच शिकवलेला नव्हता.

अशी ही तीन जगे. आता आकडे पाहू. महामारीपूर्वीचा सर्वांत मोठा आढावा २०१६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. ४७ देशांतल्या १ लाख २९ हजार विद्यार्थ्यांच्या माहितीवरून नैराश्य किंवा त्याची लक्षणे २७.२ टक्क्यांत, आत्महत्येचे विचार ११.१ टक्क्यांत आढळले. नैराश्याच्या चाचणीत अडकलेल्यांपैकी उपचार मागितले ते फक्त १५.७ टक्क्यांनी. म्हणजे करोनाचे नावही नसताना चारांत एक विद्यार्थी या टोकाला होता. २०२० मध्ये पहिल्या लाटेतल्या अभ्यासांचा आढावा घेतला गेला तेव्हा चिंतेचे प्रमाण २८ टक्के निघाले, आणि ते महामारीपूर्वीच्या आकड्यांहून फारसे वेगळे नाही, असे त्याच लेखकांनी नमूद केले. मथळ्यांत मात्र फक्त २८ टक्के आले.

दोन वेगळ्या गटांच्या सरासऱ्या शेजारी ठेवण्यापेक्षा तीच माणसे आधी आणि नंतर मोजणे केव्हाही चांगले. चेन्नईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात योगायोगाने तसे घडले. डिसेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२० मध्ये २१७ विद्यार्थ्यांची पाहणी झाली होती, तेच विद्यार्थी जून २०२० मध्ये पुन्हा पाहिले गेले. नैराश्याची लक्षणे ३३.२ टक्क्यांवरून ३५.५ वर गेली, म्हणजे जवळपास तिथेच राहिली. चिंता मात्र २१.२ वरून ३३.२ वर चढली. ताण २०.७ वरून २४.९ झाला. शेकडो एकवेळच्या पाहण्यांपेक्षा हा एक छोटा अभ्यास मला जास्त सांगतो: नैराश्याची पातळी आधीच उंच होती, महामारीने वाढवली ती मुख्यतः चिंता.

मोजण्याच्या साधनांविषयीही बोलायला हवे. बहुतेक पाहण्यांत वापरलेली डास-२१ ही प्रश्नावली १९९५ ची, २१ विधानांची, फक्त गेल्या आठवड्याविषयी विचारणारी. पीएचक्यू-९ गेल्या दोन आठवड्यांविषयी विचारते. दोन्ही चाळण्या आहेत, निदान नव्हे. चाळणीवर राहिलेल्या प्रत्येकाला ‘नैराश्याचा रुग्ण’ म्हणणे म्हणजे ताप आलेल्या प्रत्येकाला करोना म्हणण्यासारखे. उलट बाजूही आहे. गूगल फॉर्म भरतो तो ज्याच्याकडे रेंज, फुरसत आणि इच्छा आहे. गच्चीवर चढून लेक्चर ऐकणारा आणि चोवीस तासांची ड्यूटी करून कॉटवर कोसळलेला, हे दोघेही या आकड्यांत कमीच सापडणार. शिवाय वय, लिंग, वर्ष हे रकाने असतात, जात, घरचे उत्पन्न, घरातल्या खोल्यांची संख्या असे रकाने क्वचित. मुंबईच्या नायर रुग्णालयात मे २०१९ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या एका आदिवासी निवासी डॉक्टर तरुणीने जीव दिला, जातीवरून छळ झाल्याच्या आरोपावरून खटला उभा राहिला, सारा महाराष्ट्र हादरला. वर्षभरातच आलेल्या पाहण्यांच्या लाटेने तो रकाना घालण्याची तसदी फारशी घेतली नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

उपायांच्या नावाखाली त्या काळात वेबिनार झाले. योग, श्वसन, सकारात्मक विचार. योगाला माझा विरोध नाही, पण सहा तास पीपीईत घालवलेल्या मुलीला प्राणायाम शिकवण्याआधी तिला धुतलेले अंथरूण, वेळेवर गरम जेवण आणि पुढच्या आठवड्याचे ड्यूटीचे वेळापत्रक आठवडाभर आधी द्यायला हवे होते. निवासी डॉक्टरांनी दिवसाला बारा आणि आठवड्याला ४८ तासांहून जास्त काम करू नये, हे केंद्र सरकारच्या १९९२ च्या निर्देशात आहे. महामारी येण्याआधी २८ वर्षे ते कागदावर होते.

महामारी ओसरल्यावर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कार्यगटाने २०२४ मध्ये अहवाल दिला. २५,५९० पदवीच्या आणि ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली. पदवीच्या २७.८ टक्के आणि पदव्युत्तर १५.३ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे स्वतःच सांगितले. आत्महत्येचे विचार येण्याबाबत मात्र चित्र उलटे झाले: पदवीत सुमारे १६ टक्के, पदव्युत्तरांत सुमारे ३१. दोन्ही ओळी एकत्र वाचल्या की कळते, ज्याला जास्त त्रास आहे तोच त्याला आजार म्हणायला कमी तयार आहे. निम्म्याहून अधिक निवासी डॉक्टरांना साप्ताहिक सुट्टी नियमित मिळत नाही, हेही त्यातच आहे. कार्यगटाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. १९९२ च्या ४८ वरून ७४ वर येणे याला सुधारणा म्हणायचे की कबुली, हे वाचकाने ठरवावे.

मदत न मागण्याचे कारण लाज एवढेच नाही. घाटीत मनोविकारशास्त्र विभाग आहे, तसाच तो इतर बहुतेक महाविद्यालयांतही असतो. पण विद्यार्थी तिथे गेला तर केसपेपर निघतो, ओपीडीत समोर बसलेला असतो तो मेसमध्ये शेजारी बसणारा सीनियर, आणि पुढच्या सत्रात व्हायवा घेणारे सर आतल्या खोलीत असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, पण वसतिगृहात बातमी कायद्याला विचारून पसरत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस सेवा मोफत, चोवीस तास आणि मराठीतही मिळते. तिचा मोठा फायदा हा की फोन उचलणारा आपल्या महाविद्यालयातला नसतो. जीव नकोसा वाटत असेल त्याने तो क्रमांक आजच फिरवावा, हे या लेखात लिहिल्यावाचून पुढे जाणे योग्य नाही.

फोनपलीकडची सोय या शहरात सहज होऊ शकते. इथे एकाहून अधिक वैद्यकीय महाविद्यालये आहेत. घाटीच्या विद्यार्थ्याला एमजीएमच्या मनोविकारतज्ज्ञांकडे आणि तिकडच्याला इकडे जाता यावे, नोंद वेगळ्या वहीत राहावी, हजेरी-गुणांशी तिचा संबंध नसावा, आणि संध्याकाळी ओपीडी संपल्यावरची एक वेळ त्यासाठी ठरलेली असावी. याला नवी इमारत लागत नाही, वेगळे पदही मंजूर करून घ्यावे लागत नाही. दोन अधिष्ठात्यांनी एकत्र बसून पत्रावर सह्या केल्या की पुढच्या सोमवारपासून ते सुरू होऊ शकते.